सांगाड्यातली कैची

आमचे सर कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची पिळून बघायचे. अक्षरशः पिळून. पाठीचा कोपरा एका हातात, समोरचा पाय दुसऱ्या हातात आणि ओली चादर पिळावी तसा एक झटका. खुर्ची कुरकुरली की चेहरा इतका दुःखी व्हायचा, की घरच्यांना वाटावं आपल्याकडे कुणीतरी आजारी आहे आणि आपल्यालाच पत्ता नाही. कुरकुरली नाही तर "छान आहे हो तुमच्याकडे" म्हणून बसायचे. चहा, पोहे, माणसं, सगळं त्यानंतर.

आमच्या डोंबिवलीच्या घरी ते पहिल्यांदा आले सत्यनारायणाला. बाबांनी नुकताच नवा ब्लॉक घेतलेला. आईने अख्खी सोसायटी बोलावलेली, मी ऑफिस. गुरुजी कलशावर नारळ ठेवत होते. सर आत आले, चपला काढल्या, हात जोडले आणि हात जोडलेले असतानाच त्यांची नजर चौरंगावर गेली. झालं. खाली वाकून त्यांनी चौरंगाचा पाय धरला.

"गुरुजी, डुगडुगतोय."

"असू दे. कलंडणार नाही."

"कलंडेल असं नाही म्हणत मी. पीळ पडलाय याला. आणि हे केळीचे खुंट चारी बाजूंना बांधलेत, ते काही भार घेतायत का?"

"ते शास्त्र आहे," गुरुजी म्हणाले.

"शास्त्र असेल. भार नाही घेत."

आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी अजून विसरलेले नाही. बाबा मात्र जाम खूश. ते आत जाऊन पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन आले, सरांनी त्याची घडी करून पायाखाली सरकवली, चौरंग स्थिर झाला आणि गुरुजींनी पुढचा मंत्र धरला. प्रसाद खाताना सर म्हणाले, "शिरा उत्तम. यात कमी करण्यासारखं काही नाही." आईने तेवढ्यावर त्यांना माफ केलं. मला नाही केलं.

आता हे सर म्हणजे शाळा-कॉलेजातले नव्हेत. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस. मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना जे काम स्वतः करायचा कंटाळा येतो ते डिझाइनचं काम आम्ही करायचो. सर चेसिस विभागाचे प्रमुख. विभागात ते आणि मी.

चेसिस म्हणजे गाडीच्या पोटाखालचा लोखंडी सांगाडा. इंजिन, सीट, माणसं, त्यांच्या बॅगा, सगळ्यांचा भार त्याच्यावर. त्याचं दुखणं जुनंच आहे. हलका करायला गेलं तर तो लेचापेचा होतो. मग एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खी गाडी पिळवटते, दारं नीट लागत नाहीत, काच तडकते. कणखर करायला गेलं तर वजन वाढतं आणि गाडी चढावर रडायला लागते. वजन उतरवायचं आणि पिळाला दाद द्यायची नाही, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

मी इंटरव्ह्यूला गेलेले तेव्हा छान फाइल वगैरे लावून गेलेले. सरांनी फाइल न उघडता बाजूला ठेवली आणि खणातून काजूकतलीचा रिकामा खोका काढला.

"झाकण काढ आणि पीळ."

पिळला. खोका लगेच वाकडातिकडा झाला.

"आता झाकण घालून कडेने चिकटपट्टी लाव आणि पीळ."

लावली, पिळला. खोका ढिम्म.

"काय कळलं?"

"उघडा खोका पिळवटतो, बंद खोका नाही."

"शाब्बास. पुठ्ठा जाड करावा लागला का?"

"पुठ्ठा नाही, पण झाकणाचं वजन वाढलं की सर."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, गेली नोकरी. मग म्हणाले, "भांडखोर आहेस. सोमवारपासून ये."

'टॉर्शनल स्टिफनेस' हा शब्द आमच्या ऑफिसात फक्त गिऱ्हाईक आलं की बोलायचे. एरवी पीळ. पीळ किती खातो, पीळ कुठून शिरतो, पिळाला इथे अडव. आणि ज्या लोखंडाला कामच नाही, जे नुसतं जागा धरून बसलंय, त्याला सरांचा एकच शब्द होता. उगाच. माझ्या ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने गोल काढायचे आणि आत लिहायचे 'उगाच'. सुरुवातीला माझं एकेक ड्रॉइंग परत यायचं तेव्हा अंगावर गोवर उठल्यासारखं दिसायचं. मी घरी येऊन आईवर ओरडायचे.

हे ड्रॉइंगपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. मी एकदा रजेचा अर्ज दिला. 'महोदय, वरील विषयास अनुसरून आपणास नम्र विनंती करते की, माझी प्रकृती ठीक नसल्याकारणाने' वगैरे. अर्ज परत आला तेव्हा सगळ्यावर लाल फुली आणि खाली त्यांच्या अक्षरात उरलेला मजकूर होता, 'उद्या नाही. ताप.' शेरा, 'आता उचलून बघ, किती हलका झाला.'

घरीही तेच. भोकं पाडून वजन उतरवायचं हे आमच्या धंद्यात चालतं. जिथे ताण नाही तिथलं लोखंड काढून घ्यायचं. सरांनी ते स्वतःच्या जेवणाच्या डब्यावर केलेलं. डब्याच्या मुठीला ओळीने भोकं, झाकणाच्या कडीला भोकं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मला एकदा फोनवर म्हणाल्या, "अगं, मूठ धरली की माझी करंगळी अडकते त्यात. परवा कल्याण स्टेशनपर्यंत डबा द्यायला गेले तर बोट निघेना. डबा यांच्या हातात आणि मी डब्याला!" काकू शाळेत गणित शिकवायच्या, आता रिटायर. सरांच्या प्रत्येक सुधारणेला त्या आधी विरोध करायच्या, मग हसायच्या आणि शेवटी तिच्याभोवती संसार लावायच्या. डब्याच्या मुठीवर त्यांनी लोकरीचं कव्हर विणलं. सरांनी ते वजनकाट्यावर ठेवून बघितलं आणि परत मुठीवर चढवलं.

आणि 'सांगाडा' या शब्दाने तर एकदा मला जीव नकोसा केला. एका दुपारी आम्ही कल्याण स्टेशनवरून शेअर रिक्षाने निघालेलो. सर एका कडेला, मध्ये मी, पलीकडे पिशवीत मेथी घेतलेल्या एक बाई. विठ्ठलवाडीला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे आमचं काम चाललेलं, त्याचा सरांना फोन आला. सर फोनवर नेहमी मोठ्याने बोलायचे, फोनवर त्यांचा विश्वास नव्हता.

"हां, सांगाडा आला का? बरं. आता असं करा, मानेपाशी कापा. सरळ कापा हो, फाडू नका! मागच्या वेळी तुमच्या पोराने फाडला होता."

मेथीवाल्या बाई सरकून रिक्षाच्या कडेला गेल्या.

"कमरेखालचा भाग वेगळा ठेवा. त्याचं मी स्वतः येऊन बघतो. आणि पोत्याने झाका, लोक उगीच विचारत बसतात."

रिक्षावाला आरशातून बघत होता. समोरचा टेम्पो थांबला तरी हा आरशातच. बाई म्हणाल्या, "भाऊ, मला इथेच सोड," आणि चालत्या रिक्षातूनच एक पाय बाहेर काढला.

"गाडीचा!" मी ओरडले. "अहो काकी, गाडीचा सांगाडा! लोखंडाचा! आम्ही इंजिनीअर आहोत!"

"मग तसं बोलायचं ना," रिक्षावाला म्हणाला. "मी म्हटलं, काका दिसायला तर एकदम सभ्य वाटतात." सरांचा फोन अजून चालूच होता. त्यांना यातलं काहीही कळलेलं नव्हतं.

तर असे सर. लोखंडाच्या एका चिमटीसाठी जिवावर उदार होणारे. जगातलं सगळं त्यांना काढून टाकता यायचं, एक सोडून. कैची.

कैची म्हणजे दोन पट्ट्या, एकमेकींवर तिरक्या टाकून मधोमध जोडलेल्या. सांगाड्याच्या दोन लांब दांड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती बसवायची. सर तरुण असताना त्यांच्या पहिल्या नोकरीत एक सांगाडा इतका पिळवटायचा की साहेबलोकांनी हात टेकलेले. सरांनी ही कैची बसवली आणि पीळ अर्ध्यावर आला. साहेबांनी पाठ थोपटली. आणि मग गाडी बाजारात जायच्या आधी खर्चवाल्यांनी कैची काढून टाकली.

त्यानंतर सरांनी जो म्हणून सांगाडा काढला त्यात कैची घातली आणि दरवेळी ती कुणी ना कुणी काढली. एकदा सायलेन्सरचा पाइप आडवा आला. एकदा नवीन साहेब आले, त्यांना ती जुनाट वाटली. एकदा तर सर गावी लग्नाला गेले आणि परत आले तोवर कैची गायब, आणि तिच्या जागी कुणीतरी स्टेपनी टांगलेली. "स्टेपनी!" हा शब्द सर अजूनही शिवी दिल्यासारखा उच्चारायचे. इतक्या वर्षांत त्यांची कैची असलेली एकही गाडी रस्त्यावर आली नव्हती.

म्हणून हे शेवटचं काम त्यांच्यासाठी इतकं मोठं होतं. सर कधीचेच रिटायर झालेले, आमचे मालक त्यांना एकेक वर्ष थांबवून घ्यायचे. या वेळी मालकांनी सांगितलेलं, हे एक काम झालं की सर, आता आराम करा. गिऱ्हाईक एक छोटी इलेक्ट्रिक गाडी बनवत होतं. बॅटरी म्हणजे वजनदार पाहुणी, ती येणार म्हणून बाकीच्यांनी पोट आत घ्यायचं. सांगाड्याचं वजन अमुक एकाच्या वर एक ग्रॅम चालणार नाही आणि पीळ इतकाच, असं त्यांनी लिहूनच दिलेलं. पण पोटाखाली जागा भरपूर होती. पाइप नाही, स्टेपनी नाही. कैचीला आडवं येणारं कुणीच नव्हतं.

"या वेळी जाते बघ रस्त्यावर," सर मला म्हणायचे. "एकदा जाऊ दे. मग मी घरी बसून बायकोचं डोकं खायला मोकळा."

कुणीच आडवं येणार नव्हतं, आणि मीच आले. झालं असं, की मी एकदा कंप्युटरवर सांगाड्याचं गणित लावलेलं, तेव्हा सहज कैची काढून बघितली. मला वाटलं पीळ धाडकन वाढेल. कुठचं काय! जेमतेम हलला. मी परत केलं. तेच. मग डोक्यात प्रकाश पडला. जुने सांगाडे उघड्या चॅनेलचे, म्हणजे पन्हळीसारख्या दांड्यांचे असायचे, झाकण नसलेल्या खोक्यासारखे. त्यांना कैची लागायची. या सांगाड्यात सरांनी स्वतः सगळे चॅनेल बंद करून खोके केलेले. कैचीचं काम त्यांनीच काढून घेतलेलं आणि तिला मात्र सांगितलंच नव्हतं.

मी ते त्यांच्यासमोर ठेवलं.

"पोरखेळ," सर म्हणाले.

"सर, आकडे बघा ना."

"आकडे तू घालशील तसे येतात."

"मी तुम्हीच शिकवलेत तसे घातलेत! माझ्या एवढ्याशा पट्टीला तुम्ही गोल काढता, आणि ही एवढी मोठी कैची—"

"काम दिसत नाही म्हणजे काम नसतं असं नाही."

"हे मला का नाही कधी बोलू दिलंत?"

सर डबा उचलून दुसऱ्या विभागाच्या टेबलावर जाऊन जेवले. माझंही डोकं फिरलेलं, मीही हाक मारली नाही. संध्याकाळी जाताना माझ्या कीबोर्डवर एक वेलची केळं ठेवून गेले. हा तह होता. केळं मी खाल्लं, पण म्हणणं सोडलं नाही. पुढे कित्येक दिवस रोज अकरा वाजता आमचं भांडण व्हायचं आणि रोज कैची ड्रॉइंगमध्ये तशीच राहायची.

विठ्ठलवाडीला सांगाडा तयार झाला. काळा रंग, सफाईदार वेल्डिंग आणि मधोमध कैची. सर तिच्यावरून हात फिरवत होते. गिऱ्हाइकाकडे न्यायच्या आधी वजन करायला हवं होतं. ऑफिसच्या काट्यावर सांगाडा मावणार नव्हता. ट्रकचा धर्मकाटा एवढ्याशा वजनाला भीक घालत नाही. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "शहाडला माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे मोठा काटा आहे, चला." टेम्पोत सांगाडा टाकला आणि आम्ही निघालो.

ओळखीचा म्हणजे भंगारवाला. आवारात कूलर, सायकली, दारं, कुणाचं तरी लोखंडी कपाट. मध्ये मोठा काटा. चौघांनी मिळून सांगाडा वर ठेवला. सरांनी डोळे मिटले.

"सर, बसलं!" मी ओरडले. वजन गिऱ्हाइकाने सांगितलेल्या आकड्याच्या आत होतं. चांगलं आत.

सरांनी परत ठेवायला लावला. तेच वजन. मग ते चक्क काट्याच्या पाया पडले. भंगारवाला सांगाड्यावर टिचकी मारून म्हणाला, "माल चांगला आहे. काय भाव देऊ?"

"विकायचा नाही हो!" सर म्हणाले आणि त्यालाच पाठवून पेढे मागवले. भंगारवाल्याला पेढा, टेम्पोवाल्याला पेढा, मला दोन. "बघ," मला म्हणाले, "कैचीसकट." मी पेढे खाल्ले आणि गप्प बसले. वजन बसलं, पीळ बसला, कैची बसली. मग मी कशाला तोंड उघडू? खरं सांगायचं तर मला बरंच वाटलेलं. त्यांच्याशी भांडायला मला आवडायचं, पण जिंकायची घाई नव्हती.

चाचणी गिऱ्हाइकाच्या खडवलीजवळच्या शेडमध्ये होती. सर इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. काकूंनी त्यांच्या हातावर दही ठेवलेलं, त्याचा डाग बाहीवर होता. गिऱ्हाइकाचे मुख्य इंजिनीअर अगदी शांत गृहस्थ. त्यांच्या माणसांनी आधी सांगाडा काट्यावर ठेवला.

वजन जास्त. थोडंथोडकं नाही, सात-आठ किलो जास्त.

"तुमचा काटा तपासा," सर म्हणाले.

त्यांनी शिक्क्याची वजनं आणून काटा तपासून दाखवला. बरोबर होता. सरांनी दुसरा काटा मागितला. त्यावरही तेच.

"सर, तुम्ही वजन कुठे केलेलं?" मुख्य इंजिनीअरांनी विचारलं.

"शहाडला."

"शहाडला कुठे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघत होते.

"भंगारवाल्याकडे," मी म्हटलं.

मग त्यांचा स्टोअरवाला खो खो हसत सुटला. "अहो मॅडम, तो घेणारा माणूस! त्याचा काटा कमीच दाखवणार ना!"

सर इंजिनीअर, मी इंजिनीअर, फॅब्रिकेशनवाल्याचा जन्म लोखंडात गेलेला. घरी रद्दी देताना मी स्वतः रद्दीवाल्याला म्हणते, काटा नीट धर रे. आणि त्या दिवशी शहाडला एकाच्याही डोक्यात शंका आली नाही, कारण काटा आम्हाला हवं तेच सांगत होता. वर पेढे खाऊ घातले आम्ही त्याला.

"पीळ तर बघा," सर म्हणाले. आवाज खाली आलेला.

पीळ बघायचा म्हणजे सांगाड्याची मागची बाजू घट्ट बांधायची, पुढच्या एका कोपऱ्याला वजनं लटकवायची आणि सांगाडा किती पिळवटतो ते काटेवाल्या डायलवर वाचायचं. वजनं लटकवली. काटा थोडा सरकला आणि थांबला. हवा होता त्यापेक्षा चांगला निकाल आला.

"पीळ सुंदर आहे, सर," मुख्य इंजिनीअर म्हणाले. "पण वजनाच्या बाबतीत माझे हात बांधलेत. दुसऱ्या एका ऑफिसचा सांगाडा काल पास झालाय. दुपारी मला एकाचं नाव कळवायचंय. तोवर तुम्हाला यातून काही काढता आलं तर बघा."

सर सांगाड्याभोवती फिरायला लागले. एकेका दांडीवर बोटं आपटायची, मान हलवायची, पुढे जायचं. आधीच इतकं काढलेलं की काढायला काही उरलंच नव्हतं. कैचीपाशी आले की नजर उचलून पलीकडे जायचे. मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. शेवटी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू कैची काढून बघितलेलीस ना?"

"बघितलेली."

"पीळ किती वाढला?"

"थोडासा. यांना हवाय त्याच्या आतच राहिला."

"नक्की?"

"कंप्युटर तरी तसंच म्हणतो."

"कंप्युटरचं सोड. तू काय म्हणतेस?"

कित्येक दिवस मी याच प्रश्नासाठी भांडत होते. आणि त्यांनी तो विचारला तो आत्ता, इथे. एका शब्दात मी म्हणू शकले असते, नको सर, माझं चुकलं असेल. मग काम गेलं असतं, पण कैची सांगाड्यात राहिली असती. मला इतकं रडू येत होतं की सांगता सोय नाही.

"काढा सर," मी म्हटलं. "तिला काम नाहीये."

त्यांनी मान हलवली. मग वळून विचारलं, "ग्राइंडर कुठाय?"

त्यांचा वेल्डर पुढे झाला. सर म्हणाले, "नाही, मी कापतो." इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, चष्म्यावरच गॉगल चढवला आणि खाली बसले. ठिणग्या उडायला लागल्या. एक टोक सुटलं, दुसरं सुटलं. शेवटचं टोक कापताना त्यांनी डावा हात खाली धरलेला, आपटायला नको म्हणून. कैची हातावर घेतली आणि बाजूच्या पोत्यावर अलगद ठेवली. मग कापलेल्या जागा घासून गुळगुळीत केल्या. स्टोअरवालासुद्धा हसत नव्हता.

वजन केलं. आत बसलं, अगदी कसंबसं, पण आत.

मग पीळ. परत वजनं लटकवली. सर डायलवर वाकले. काटा सरकला, मघापेक्षा केसभर पुढे गेला आणि थांबला. सर वाकलेलेच. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी धावत गेले. मला वाटलं, गेला म्हातारा कोसळून.

ते हसत होते.

"अगं, काहीच नाही की!" हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "काहीच करत नव्हती ती! मग इतकी वर्षं मी हिला कशाला मिरवत होतो? आणि तो, तो स्टेपनीवाला! तो बरोबर होता की गं! मी त्याच्याशी जन्मभर बोललो नाही!" ते तिथेच जमिनीवर बसून हसले. मग मीही हसले, मुख्य इंजिनीअर हसले आणि शेवटी म्हणाले, "सर, पास. अभिनंदन. ती कैची बरोबर न्यायचीय का तुम्हाला?"

"नको नको. तुमच्याकडेच असू दे. कशाला तरी वापरा."

हाताला काळं लागलेलं, म्हणून काकूंना फोन मी लावला आणि स्पीकरवर त्यांच्यासमोर धरला.

"काय झालं हो?" काकूंनी पहिल्याच घंटीला उचललेला.

"पास झाला."

"अगंबाई! देवा! आणि कैची?"

"काढली. मीच कापली."

मग काकू म्हणाल्या, "बरं केलंत. कामाची नव्हती ना? मग आता घरी आलात की आपल्या दिवाणाखाली तुम्ही बसवलीय तीही काढा. लग्न झाल्यापासून सांगतेय मी. झाडू जात नाही तिथे, बॅग सरकवता येत नाही, मुलं लहान होती तेव्हा दोघांची डोकी फुटली तिच्यावर. आहे काय तिचं काम तिथे?"

शेडमधले सगळे ऐकत होते. सरांचं हसू थांबलं. ते फोनजवळ वाकले आणि स्पीकर चालू असूनही हळू आवाजात म्हणाले, "काम काही नाही गं तिचं. तरी राहू दे."

काकू हसल्या. मग म्हणाल्या, "बरं. जेवायला या लवकर."